भरधाव मोटार आणि विम्याचा भरंवसा

मनुष्यानें यंत्र निर्माण केलें तें आपले श्रम वांचावे म्हणून. परंतु यंत्र हातीं आल्याबरोबर त्याच्या अंगचें बळ हें आपल्याच अंगचें बळ आहे असा भ्रम ज्यास होतो, त्याच्या हातीं तें यंत्र फार काळ सुखरूप राहत नाहीं. हा भ्रम मोटारीच्या बाबतींत जितका लवकर होतो तितका दुसऱ्या कोणत्याही यंत्राच्या बाबतींत होत नसेल. शिवणयंत्र चालविणारा शिंपी त्या यंत्रामुळें आपण शूर झालों असें कधीं मानीत नाहीं. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या मुठींत मोटारसायकलीचा कान आला कीं आपण पराक्रमी पुरुष झालों, असें त्यास तत्काळ वाटूं लागतें.

आमच्या पाचोऱ्यासही हें दृश्य आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. रस्त्याचा मोकळा पट्टा दिसला कीं एका गाडीवर तिघांनीं बसावयाचें, पुढील चाक वर उचलावयाचें, हात सोडून नागमोडी धांवावयाचें आणि मागून येणाऱ्या सोबत्यानें त्या साऱ्या प्रकाराचें मोबाईलवर चित्रण करावयाचें, ही एक क्रीडाच होऊन बसली आहे. ज्यांच्या घरीं मोटार आहे ते दुसऱ्या मोटारीशीं शर्यत लावतात. कोणी वडील माणसानें हटकलें तर ‘काका, गाडीचा विमा आहे’ असें हंसत उत्तर मिळतें. खेदाची गोष्ट ही कीं, किल्ली मुलाच्या हातीं देतांना पुष्कळ बापही मनाशीं हेंच उत्तर घोळवीत असतात. गाडी मोडली तर विमा आहे, कोणास लागलें तर विमा आहे, प्रसंग जिवावर बेतला तरी विमा आहे! या भरंवशांत खरें किती व खोटें किती, तें पाहावें आणि त्यावरून आपलें कर्तव्य ठरवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विमा ही मुळांत फार चांगली कल्पना आहे. समजा, एका तालुक्यांत एक हजार गाड्या आहेत. वर्षभरांत त्यांतील कांहींना अपघात होणार हें निश्चित. पण त्या कोणाच्या, हें कोणासही ठाऊक नसतें. म्हणून सर्वांनीं थोडी थोडी वर्गणी एका पेटींत टाकावी आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याचें नुकसान तींतून भरून काढावें, हें विम्याचें तत्त्व होय. गांवांत एखाद्याच्या खळ्यास आग लागली तर सारा गांव घागरी घेऊन धांवतो, त्यांतलाच हा प्रकार आहे. परंतु कडब्याच्या गंजीजवळ बसून जो मौजेखातर फटाके उडवितो, त्याच्यासाठीं गांवानें किती वेळां धांवावें? अनपेक्षित संकट सर्वांनीं वांटून घ्यावें हा न्याय आहे. मुद्दाम ओढवून घेतलेलें संकट सर्वांच्या माथीं मारावें हा अन्याय आहे. विम्याचे सारे नियम या एका भेदावर उभे आहेत.

आपल्या देशांत मोटारीचा विमा सक्तीचा झाला तो १ जुलै १९४६ पासून, १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणानें. हल्लीं १९८८ चा कायदा चालू आहे व त्याच्या १४६ व्या कलमांत तीच सक्ती आहे. ही सक्ती गाडीच्या मालकाचें नुकसान भरून यावें म्हणून मुळींच केलेली नाहीं. रस्त्यानें जाणारा जो तिऱ्हाईत त्या गाडीखालीं सांपडेल, त्याच्या मुलाबाळांस कांहीं आधार मिळावा म्हणून ती आहे. मालकाच्या स्वतःच्या गाडीचा विमा हा निराळा व ऐच्छिक भाग आहे. त्याच्या पत्रकावर बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें कीं, शर्यतीसाठीं अथवा वेगाच्या परीक्षेसाठीं गाडी वापरल्यास तो लागू नाहीं. योग्य परवाना नसलेल्यानें अथवा मद्यप्राशन केलेल्यानें ती चालविली असल्यास नाहीं. हीं अक्षरें आमच्यापैकीं किती जणांनीं वाचलीं आहेत? पत्रक कपाटांत आणि गाडी रस्त्यावर, अशी बहुतेक घरांतील स्थिति असते.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयानें २ जुलै २०२५ रोजीं दिलेला एक निर्णय आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १८ जून २०१४ रोजीं कर्नाटकांत आरसीकेरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गृहस्थानें मोटार अति वेगानें व बेफिकिरीनें हांकली. ती उलटली आणि त्यांत त्याचा अंत झाला. मोटारींत त्याचे वडील, बहीण व तिचीं मुलें होतीं. पुढें त्याच्या पत्नीनें, मुलानें व आईबापांनीं विमा कंपनीकडे ८० लाख रुपयांची भरपाई मागितली. अपघात न्यायाधिकरणानें ती नाकारली, उच्च न्यायालयानें २०२४ च्या नोव्हेंबरांत नाकारली, आणि अखेर न्यायमूर्ति नरसिंह व न्यायमूर्ति महादेवन यांच्या पीठानें तो निर्णय कायम केला. तत्त्व सरळ आहे. ज्याच्या चुकीनें अपघात झाला, त्याच्या वारसांस त्याच चुकीबद्दल भरपाई मागतां येत नाहीं. कारण कोणीही आपल्याच अपराधाचा धनको होऊं शकत नाहीं.

या निर्णयाचा अर्थ मात्र भलताच लावूं नये. भरधाव गाडीखालीं जो निरपराध मनुष्य सांपडतो त्याच्या कुटुंबाचा हक्क यामुळें रतिमात्र कमी झालेला नाहीं. चालकाजवळ परवाना नसला तरी कंपनीनें आधीं त्या कुटुंबास पैसे द्यावे व मागाहून ते गाडीच्या मालकाकडून वसूल करावे, असें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालींच घालून दिलें आहे. पालकांनीं या वाक्यांतील उत्तरार्ध पुन्हां एकदां वाचावा. मुलगा विनापरवाना गाडी घेऊन गेला, त्यानें कोणास उडविलें, कंपनीनें पैसे भरले, येथें गोष्ट संपत नाहीं. ती फिरून बापाच्या शेतावर व घरावर येते. मालकानें स्वतःसाठीं घेतलेला अपघात विमा हा आणखी निराळा करार आहे व त्याच्या अटी निराळ्या आहेत. सारांश, ‘विमा आहे’ हें तीन प्रकारचें वाक्य आहे, आणि तें बोलणाऱ्यास बहुधा त्यांतील एकही प्रकार नीट ठाऊक नसतो.

बरें, भरपाई मिळाली असें धरलें तरी ती कशाची मिळते? न्यायाधिकरण ज्या रीतीनें हिशेब करतें ती रीत विद्यार्थ्यांनीं गणिताचें एक उदाहरण म्हणून तरी करून पाहावी. समजा, तीस वर्षांचा एक स्वतंत्र धंदा करणारा ट्रकचालक आहे. महिन्याची मिळकत १५,००० रुपये. मागें पत्नी, दोन मुलें व आई. वर्षाची मिळकत १,८०,००० रुपये. पुढें ती वाढली असती म्हणून शेंकडा ४० मिळवावयाचे, झाले २,५२,०००. त्यांतून तो स्वतःवर खर्च करता तो चौथा हिस्सा वजा करावयाचा, राहिले १,८९,०००. तीस वर्षांच्या मनुष्यास १७ हा गुणक नेमून दिलेला आहे. त्यानें गुणिलें म्हणजे ३२,१३,००० रुपये होतात. याशिवाय अंत्यविधि वगैरेंबद्दल कांहीं ठराविक रकमा. ही रीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निर्णयांनीं ठरून गेली आहे, आणि ती न्याय्य आहे असेंच आम्ही म्हणतों. परंतु या आंकड्यांत बाप संध्याकाळीं घरीं येई, धाकटीला खांद्यावर घेई, आईच्या औषधाची चौकशी करी, याला कोणता गुणक आहे? विमा मिळकत भरून देतो. माणूस भरून देत नाहीं.

आमच्या जिल्ह्याला हें कोणी परगांवाहून येऊन शिकविण्याची गरज नाहीं. ७ मे २०२४ रोजीं जळगांव-पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ एका भरधाव मोटारीनें दुचाकीला धडक दिली आणि एक माता, तिचे दोन मुलगे व नात्यांतील आणखी एक मुलगा असे चार जीव गेले. दोन मोटारींची शर्यत लागली होती असा आरोप झाला. दोष कोणाचा व किती, हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे, आमचें नव्हे. पण तो रस्ता आमचा आहे. आमचीं मुलें त्याच रस्त्यानें जळगांवास शिकावयास जातात, आमचे रुग्ण त्याच रस्त्यानें दवाखान्यांत जातात. एका घरांतील इतकीं माणसें एका क्षणांत नाहींशीं होतात, तेव्हां उरलेल्यांनीं कोणत्या रकमेचें काय करावें?

वेगाचें शास्त्र आमच्या वरच्या इयत्तांतील मुलांस ठाऊक आहे. पण पुस्तकांतलें शास्त्र रस्त्यावर आठवत नाहीं, म्हणून येथें थोडक्यांत सांगतों. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ११ मीटर पुढें जाते. समोर बैल आला, तो डोळ्यांनीं पाहिला, मनानें जाणला व पाय ब्रेकवर पडला, एवढ्यांत एक सेकंद जातो. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी ९ मीटर लागतात, एकंदर २०. आतां वेग दुप्पट करा. त्या एका सेकंदांत गाडी २२ मीटर जाते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी ३५. एकंदर ५७ मीटर. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचें अंतर दुप्पट न होतां चौपट होतें, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. पावसानें रस्ता ओला असेल तर हें अंतर आणखी वाढतें. हा नियम श्रीमंताच्या मोटारीस व गरीबाच्या फटफटीस सारखाच लागू आहे. त्यास वशिला चालत नाहीं.

आतां ट्रकांकडे वळूं. खानदेशचें पोट ट्रकांवर चालतें असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. रावेर-यावलचीं केळीं उत्तरेकडे जातात, आमच्या काळ्या जमिनींतला कापूस जिनिंगकडे जातो, तो ट्रकांतून अथवा ट्रॅक्टरांतून. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूरवरून जामनेरास जाणारी अरुंद रुळांची आमची ‘पी. जे.’ शंभर वर्षें संथपणें धांवली. तिच्या मंदपणाची थट्टा आम्हीं पुष्कळ केली. पण २०२० सालीं ती थांबली आणि त्या वाटेवरच्या गांवांचा भार रस्त्यावर आला. रस्ता असा भरून गेला असतां त्यावर कसरती करणें म्हणजे बाजाराच्या दिवशीं गर्दींत दांडपट्टा फिरविण्यासारखें आहे.

ट्रक उलटला म्हणजे काय होतें, तें याच खानदेशानें पाहिलें आहे. २०२१ च्या फेब्रुवारींत यावल तालुक्यांतील किनगांवजवळ पपईनें भरलेला ट्रक रात्रीं उलटला. मालाबरोबर मजूर बसलेले होते. त्यांपैकीं किमान पंधरा जण पपईखालीं व ट्रकखालीं दडपून मेले. ४ जुलै २०२३ रोजीं शिरपूर तालुक्यांत मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेर येथें ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर घाट उतरून आला, वाटेंतील वाहनांस धडकला व रस्त्याकांठच्या हॉटेलांत शिरला; किमान दहा माणसें गेलीं. या दोन्ही ठिकाणीं कोणी कसरत करीत होता असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हांस दाखवावयाचें आहे तें एवढेंच कीं, कोणीही मौज करीत नसतां रस्ता इतका भयंकर आहे. मग मौजेखातर तो आणखी भयंकर करणाऱ्यास काय म्हणावें?

मालाच्या ट्रकावर मजुरांना बसवून नेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे, म्हणून शेतकरी व व्यापारी पालकांस एक गोष्ट मुद्दाम सांगतों. मालवाहू गाडींत फुकट अथवा भाडें देऊन बसलेल्या तिऱ्हाईत प्रवाशाबद्दल विमा कंपनी बांधलेली नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं ठरविलें आहे. मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधि, आणि गाडीवर कामास ठेवलेला माणूस, यांच्यासाठीं तरतूद आहे. वाटेंत हात दाखवून वर चढलेल्यासाठीं सामान्यतः नाहीं. दहावीस रुपये वांचविण्यासाठीं जो मालावर बसतो, त्याच्या मुलांच्या वांट्यास कदाचित् कांहींच येणार नाहीं.

पोलीस ठाण्याच्या आवारांत चेपलेले ट्रक आपण नेहमीं पाहतों. त्यांतला एखादा ट्रक म्हणजे एखाद्या घराची सारी पुंजी असते. मालक हाच चालक, बँकेचें कर्ज, महिन्याचा हप्ता ठरलेला. अपघात झाला कीं पंचनामा होतो, कंपनीचा सर्व्हेअर येतो, कागद फिरूं लागतात. रबर, टायर, बॅटरी, प्लास्टिक यांचे निम्मेच पैसे मिळतात. इतर भागांची झीज गाडीच्या वयाप्रमाणें कापली जाते. पहिली कांहीं रक्कम मालकानेंच सोसावयाची असते. ट्रक उभा राहिला त्या दिवसांची बुडालेली मिळकत साध्या पॉलिसींत मुळींच मिळत नाहीं. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाहीं. तो चालूच असतो. तेव्हां समोरून नागमोडी येणाऱ्या पोरास चुकविण्यासाठीं ज्या चालकानें आपला ट्रक शेतांत घातला, त्यानें त्या पोराचा प्राण वांचविला आणि आपलें घर बुडविलें, असें पुष्कळदां घडतें. पोर पुढें निघून जातें. त्यास याचा पत्ताही नसतो. ‘करावें तसें भरावें’ ही म्हण रस्त्यावर खोटी पडते. येथें करतो एक आणि भरतो दुसरा.

याच संबंधांत एक लाजिरवाणी गोष्ट बोलून दाखविल्यावांचून राहवत नाहीं. केळींचा, तेलाचा अथवा धान्याचा ट्रक उलटला कीं आसपासचे लोक आधीं धांवतात ते चालकास बाहेर काढावयास नव्हे, तर माल गोळा करावयास. चालक स्टिअरिंगमध्यें अडकून विव्हळत आहे आणि लोक डबे भरीत आहेत, अशा बातम्या आपल्या देशांत अनेकदां आल्या आहेत. ‘त्याचा विमा असेलच’ हें येथेंही बोललें जातें. विम्याचा शब्द किती स्वस्तपणें माणुसकीच्या जागीं बसविला जातो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही मुलांसच कां दोष देतां? रस्त्यांत खड्डे आहेत, ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांना मागें दिवा नाहीं, चालकांस झोंप मिळत नाहीं.’ हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळीत नाहीं. १९६१ च्या कायद्याप्रमाणें मोटार-कामगाराचे तास दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस ठरलेले आहेत. पण ‘सकाळपर्यंत गाडी पोंचलीच पाहिजे’ असें सांगणाऱ्या व्यापाऱ्यास त्या कायद्याची आठवण राहत नाहीं. खड्डे बुजविण्याचा आग्रह नागरिकांनीं अवश्य धरावा. ट्रॉलीला मागें तांबडी परावर्तक पट्टी चिकटविण्यास फारसा खर्चही येत नाहीं. तथापि आंकडे काय सांगतात तेंही पाहावें. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. म्हणजे दिवसास सुमारें ४६०. त्यांपैकीं शेंकडा ७१ मृत्यु अतिवेगाच्या सदरांत नोंदलेले आहेत, आणि शेंकडा ४४ हून अधिक मृत दुचाकीवरचे आहेत. शिवाय थकलेल्या चालकाचा धोका परिस्थितीनें त्याच्यावर लादलेला असतो. कसरत करणाऱ्याचा धोका त्यानें स्वतः हौसेनें निवडलेला असतो. दोघांस एकाच मापानें मोजणें हा कष्टकऱ्याचा अपमान होय.

आणखी एक पाप आहे, आणि तें मुलांचें नसून वडिलांचें आहे. अपघात झाल्याबरोबर पुष्कळ घरांत पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणास किती लागलें?’ हा नव्हे, तर ‘गाडी कोण चालवीत होता असें सांगावें?’ हा. परवाना असलेल्या काकाचें नांव पुढें करावयाचें, नोकराला पढवून उभा करावयाचा, वेळ बदलावयाची. असल्या खोट्या कागदांवर विम्याची मागणी करणें हा गुन्हा आहे, हें तर खरेंच. पण त्याहून मोठें नुकसान त्या मुलाचें होतें. आपण माणूस मारिला तरी घरचे लोक तें निस्तरतात, हा धडा तो त्या दिवशीं शिकतो. १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत कल्याणीनगर येथें एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखालीं दोन तरुण अभियंते मरण पावले. घरच्या चालकानें दोष स्वतःवर घ्यावा म्हणून त्याच्यावर दडपण आणलें, मुलाच्या रक्ताचा नमुना बदलला, असे आरोप तपासांत पुढें आले. पहिल्या जामिनाच्या वेळीं त्या मुलास अपघातांविषयीं तीनशें शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यांत आलें होतें. पुढें तो आदेश बदलला. आम्ही शाळेंतलीं माणसें. निबंध लिहवून घेणें हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. म्हणूनच आम्ही अधिकारानें सांगूं शकतों कीं, घरीं जें शिकविलें गेलें नाहीं तें तीनशें शब्दांत शिकवितां येत नाहीं.

कायदा याबाबतींत आतां पालकांस ओळखतो. २०१९ च्या दुरुस्तीनें घातलेल्या १९९ अ या कलमाप्रमाणें अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाहीं. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवांचून शर्यत लावणें हा १८९ व्या कलमाखालीं स्वतंत्र गुन्हा आहे. ‘मुलगा हट्ट करतो’, ‘शिकवणीला उशीर होतो’, ‘सगळ्यांच्याच मुलांजवळ आहे’ हीं कारणें न्यायालयांत टिकत नाहींत. पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं तीं घरांतही टिकूं देऊं नयेत. अठरा वर्षें पुरीं होऊन परवाना हातीं येईपर्यंत सायकल काय वाईट आहे? खेड्यावरून येणाऱ्यांस एस. टी.ची गाडी आहे. ती वेळेवर येत नसेल तर सर्व पालकांनीं मिळून आगारांत अर्ज करावा. एका बापानें मुलास मोटारसायकल घेऊन दिल्यानें एकाची सोय होते. सर्व बापांनीं अर्ज केल्यानें साऱ्या गांवाची सोय होते.

विद्यार्थिमित्रहो, आतां दोन शब्द तुमच्यासाठीं. कसरत करणारा एक असतो, पण ती घडवून आणणारे दहा असतात. चित्रण करणारा, टाळ्या पिटणारा, ‘अजून एकदां’ म्हणणारा, तें चित्र मोबाईलवरून पुढें धाडणारा, हे सगळे तींत भागीदार आहेत. पाहणारा कोणी नसेल तर ओसाड रस्त्यावर एकटा हात सोडून गाडी चालविणारा वीर आम्हीं अजून पाहिलेला नाहीं. म्हणून ज्यास मित्राचा प्राण प्रिय आहे त्यानें मोबाईल खिशांत ठेवावा. पुष्कळ कसरती तेवढ्यानेंच बंद पडतील. तुम्हांस भित्रा म्हणतील, म्हणोत बापडे. धाडस दाखविण्यास जागा थोड्या नाहींत. कबड्डीचें मैदान आहे, पोहणें आहे, सातमाळ्याच्या डोंगरांतील वाटा आहेत. तेथें पडलांत तर स्वतः पडाल, कोणाच्या आईला बरोबर नेणार नाहीं.

आणि खऱ्या धाडसाची एक जागा तर रस्त्यावरच आहे. अपघात दिसला तर थांबा, १०८ वर खबर द्या, जखमी माणसास दवाखान्यांत पोंचविण्यास मदत करा. पोलिसांचा ससेमिरा मागें लागेल हें भय आतां बाळगूं नका. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदत करणाऱ्याच्या रक्षणाचे नियम कायम केले, आणि २०१९ पासून ते कायद्यांतच १३४ अ या कलमानें आले. त्यास नांव सांगण्याचीही सक्ती नाहीं. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. त्याच्याच नांवानें हा नियम जगभर ओळखला जातो. त्यानें वाटेंत पडलेल्या माणसास उचललें, त्याच्या जखमा बांधल्या व धर्मशाळेवाल्यास त्याच्यासाठीं पैसे दिले. २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणें अपघातांतील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार आगाऊ पैसे न भरतां मिळण्याची तरतूद झाली आहे, हेंही पालकांनीं लक्षांत ठेवावें. ज्यांच्यावर दुर्दैवानें प्रसंग आला त्यांनीं भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आंत न्यायाधिकरणापुढें करावा. दलालाच्या भुलथापांस बळी पडूं नये.

विमा अवश्य उतरावा, वेळेवर नवा करावा, त्याच्या अटी वाचाव्या. जो मालक विम्यावांचून गाडी रस्त्यावर आणतो तो तिऱ्हाइताच्या मुलांच्या तोंडचा घांस काढतो, असेंच आम्ही समजतों. पण विमा हा छत्रीसारखा आहे; अवचित आलेल्या पावसांत ती उपयोगी पडते, आणि गिरणेच्या पुरांत हौसेनें उडी घेणाऱ्याच्या हातांत ती असली काय आणि नसली काय सारखेंच. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, असें आपले वडील म्हणत. आज एकानें पुढचें चाक उचललें आणि आपण हंसून सोडून दिलें, तर उद्यां दहा जण उचलतील. तेव्हां हें हंसणें आपण आजच बंद करावें. ज्या घरांतून आज संध्याकाळीं गाडीची किल्ली मुलाच्या हातून परत घेतली जाईल, त्या घरानें त्या मुलाचा आणि रस्त्यानें येणाऱ्या एका अनोळखी माणसाचा विमा, एक पैही हप्ता न भरतां, उतरविला असें आम्ही समजूं.